मामांची वही

आमच्या शेडमधले जॉबर, म्हणजे मागांची जुळणी आणि दुरुस्ती पाहणारे. सगळे त्यांना मामा म्हणत. शाळा चौथीपर्यंत झालेली. त्यांचं माझ्यावर जे ऋण आहे, ते कुठल्याही पगारपत्रकात बसणारं नाही.

१९९६ साली डिप्लोमा करून मी इचलकरंजीला घरी परतलो. बारा साधे यंत्रमाग होते. वडील खर्चीवाले, सूत व्यापाऱ्याचं, मजुरी आमची. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवलेलं हे गाव, आणि आमच्या ताग्यांत जाळं, पातळ पट्ट्या, सुटलेले दोरे असे दोष निघत. व्यापारी मजुरीतून पैसे कापायचा, मी ते कामगारांच्या पगारातून कापायचो. माग जुने आणि माणसं बेफिकीर, हे माझ्या मनात पक्कं होतं. कर्ज काढून स्वयंचलित माग घ्यायचं ठरवलं.

मामा म्हणाले, "घे की बाळ. पन हे बारा कशानं थांबत्यात, ते आदी बघ." आणि दोनशे पानी कोरी वही माझ्या हातात दिली.

आठ दिवस, दोन्ही पाळ्यांत, मी स्टुलावर बसून प्रत्येक थांबा लिहिला: वेळ, माग, कारण. रात्री मामा शेजारी बसून माझ्याकडून ते वाचून घेत. मागाचा स्वतःचा बिघाड फार थोड्या वेळा निघाला. बहुतेक थांबे ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा तुटल्याचे, त्यातले बरेचसे दुपारचे. बाहेरची कोरडी हवा आत आली की सुती दोरा ठिसूळ होतो. दमट हवेत तोच ताण सोसतो. शिवाय तुटणारे दोरे एकाच सायझिंगमधून, म्हणजे ताण्याला खळ लावणाऱ्या कारखान्यातून, आलेल्या बीमांवर जास्त होते. उरलेला वेळ बाण्याच्या, म्हणजे आडव्या दोऱ्याच्या, कांड्यांची वाट पाहण्यात जात होता. आम्ही खिडक्यांना ओल्या पोत्यांचे पडदे लावले, बीमं दुसरीकडून भरून आणली, पाळी सुरू होण्याआधी कांड्या मागापाशी ठेवल्या. कर्जाचा एक रुपयाही लागला नाही.

शेवटच्या पानावर मामांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती. "दोरा तुटलेला दिसतो, तरी माग बंद करत नाहीत, मीटर बुडतो." मजुरी मीटरवर होती. दोष दिसताच हात थांबवणाऱ्याचा रोज आम्हीच कमी करत होतो, आणि तोच दोष कापडात निघाला की पुन्हा त्याचेच पैसे कापत होतो. ती ओळ वाचून मला झोप आली नाही. वडिलांशी भांडून मी स्वच्छ ताग्याला वेगळा दर लावला, आणि कापलेले पैसे दिवाळीला परत केले.

पुढं जपानचे माग-संशोधक साकिची तोयोदांबद्दल वाचलं. सुताराचा मुलगा. त्यांचा १८९६ सालचा यंत्रमाग बाण्याचा दोरा तुटला की आपोआप थांबायचा. १९२४ सालचा 'जी' माग चालता चालता धोटा बदलायचा आणि ताणा तुटला तरी थांबायचा. म्हणून एक माणूस कितीतरी माग सांभाळू शकला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क विकत घेतले. माणसानं यंत्राकडे डोळे लावून बसू नये, अडचण आली की यंत्रानंच हाक मारावी, हा त्यातला विचार. मामांनी तोयोदांचं नाव कधीच ऐकलं नव्हतं.

आम्हीही मागांवर ड्रॉप पिना बसवल्या. प्रत्येक दोऱ्यावर पातळ पत्री. दोरा तुटला की पत्री खाली पडते, विजेचा संपर्क जुळतो, माग उभा राहतो. त्या हजारो पत्र्या ओवायला मामा माझ्याबरोबर बसले होते, तेव्हा त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

पुढं रॅपियर माग घेतले तेव्हा मामा निवृत्त झाले होते. रॅपियरला बाणा थेट कोनावरून मिळतो, कांडी लागतच नाही. नवे माग पाहायला आल्या आल्या त्यांनी विचारलं, "कांडीवाल्या बायका कुटं जानार?" मी हिशेबात ते धरलंच नव्हतं. कांड्या भरणाऱ्या त्या दोघींनाही कापड तपासणीच्या टेबलावर घेतलं. जाळं ओळखण्यात त्यांची नजर माझ्यापेक्षा तेज निघाली.

त्या दिवशी मामांनी चालत्या रॅपियरचा एक दोरा नखानं तोडला. माग तत्क्षणी थांबला, लाल दिवा लागला. ते बराच वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिले. मग चष्मा सारखा करून, कापऱ्या बोटांनी, दोऱ्याला गाठ मारली.