त्सुमक्वेच्या वाटेवर

विंडहुकहून उत्तरेला निघालेला रस्ता ओकाहांद्जा मागे टाकून ओटजिवारोंगोकडे जातो, तो कितीतरी वेळ कुंपणांच्या मधून. तारा माणसाच्या डोक्यावर जातील इतक्या उंच ताणलेल्या, कारण कुडू नावाचं मोठं हरीण साधं कुंपण उभ्या उभ्या ओलांडतं. आत शेतं कमी, काटेरी झुडपंच फार. पीक म्हणाल तर कुडू, ओरिक्स आणि झेब्रा. नामिबियातली ‘हंटिंग लॉज’ मुख्यतः याच पट्ट्यात आहेत. गवतानं शाकारलेलं छप्पर, भिंतीभर शिंगं, जेवणात ओरिक्सचं मांस. पाहुण्यानं आल्याबरोबर निशाणावर चार गोळ्या झाडून बंदूक नीट नेम धरते का, हे दाखवायचं असतं. मग प्रोफेशनल हंटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ‘पीएच’, त्याला रानात नेतो. राहण्याचे पैसे दिवसावर, मारलेल्या जनावराचे ‘ट्रॉफी फी’ म्हणून निराळे, आणि मुंडकं पेंढा भरून घरी पाठवण्याचे त्याहून निराळे. हौसेसाठी जीव घेण्याचा हा थाट मला ओंगळ वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे म्हणणार आहे ते या नावडीच्या उलट दिशेला जातं.

त्या कुंपणांमागे जनावरं आहेत कशी, याचं उत्तर कायद्यात आहे. रानातलं जनावर सरकारचं होतं तोवर गोऱ्या शेतकऱ्याच्या लेखी ते गाईचा चारा खाणारं उपद्रवी धूड होतं. १९७५ च्या अध्यादेशानं आपल्या जमिनीवरच्या वन्य प्राण्यांचा उपयोग करण्याचे हक्क त्याला पक्के मिळाले, आणि तोच शेतकरी हरणं राखू लागला. आज नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्यात नाहीत, शेतजमिनींवर आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडलेले आठ चित्ते याच देशातले. काळ्या लोकांच्या सामायिक जमिनींना मात्र हा हक्क मिळायला देश स्वतंत्र व्हावा लागला. १९९६ च्या कायद्यानं गावांना एकत्र येऊन ‘कॉन्झर्व्हन्सी’ नोंदवण्याची मुभा दिली. १९९८ मध्ये पहिल्या चार नोंदल्या गेल्या, आता ८६ आहेत आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याकडे आहे. लॉजशी करार कोण करतो, शिकारीचा ठेका कुणाला मिळतो, हे तिथले लोक ठरवतात. किती जनावरं मारायची याची मर्यादा सरकारच्या संमतीनं ठरते.

या पहिल्या चारांतली एक, न्याय न्याय, पाहायची तर ग्रूटफोंटेनहून त्सुमक्वेपर्यंत जवळपास पावणेतीनशे किलोमीटर जावं लागतं, त्यातले बहुतेक खडीवरून. वाटेत जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून घातलेलं सरकारी कुंपण लागतं. त्याच्या उत्तरेकडचं कच्चं मांस दक्षिणेत न्यायला बंधनं आहेत; ही गोष्ट पुढे लागणार आहे. इथला मुलूख सपाट, झुडपांचा, धुळीचा. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचलं की पक्षी उतरतात, एरवी फोटो काढणाऱ्या प्रवाशाला दोन दिवस धरून ठेवील असं फार नाही. पश्चिमेला डामारालँडमध्ये लाल डोंगर आहेत, वाळवंटी हत्ती आहेत, म्हणून तिथल्या टोरा कॉन्झर्व्हन्सीतला लॉज चालतो. न्याय न्यायकडे हत्ती आहेत, पण देखावा नाही. शिकारी मात्र याच कारणासाठी येतो: त्याला दुसऱ्याची गाडी नजरेस पडायला नको असते, रस्ता वाईट असल्याची तक्रार नसते, आणि एका हत्तीसाठी तो जे मोजतो ते कॅमेरावाल्यांच्या मोठ्या तांड्याकडूनही जमत नाही. नऊ हजार चौरस किलोमीटरांच्या या रानात जुहोआन्सी सान लोक राहतात. कॉन्झर्व्हन्सीची मिळकत मुख्यत्वे ठेकेदाराच्या पैशांतून येते; त्यातून पगार निघतात, सभासदांना रोख वाटा मिळतो, मेलेल्या हत्तीचं मांस वस्त्यांवर जातं, आणि पाण्याचे पंप हत्तींनी उखडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती भिंती बांधल्या जातात. जुहोआन्सींना स्वतःच्या पोटासाठी धनुष्यबाणानं शिकार करण्याचीही कायदेशीर मोकळीक आहे. भुंग्याच्या अळीचं विष लावलेला तो बाण अजून वापरात आहे.

शिकारीऐवजी कॅमेऱ्याचं पर्यटन आणा, हा सगळ्यांत सोपा आक्षेप. त्याला २०१६ च्या एका अभ्यासाचं उत्तर आहे. १९९८ ते २०१३ या काळातल्या ७७ कॉन्झर्व्हन्सींचे हिशेब त्यात तपासले. शिकारीचा लाभ स्थापनेनंतर साधारण तीन वर्षांत सुरू होतो, पर्यटनाचा सहा वर्षांनी. पर्यटनातून मुख्यतः लॉजमधल्या नोकऱ्या येतात, शिकारीतून कारभाराचा खर्च आणि मांस. शिकार बंद झाली असं गृहीत धरून आकडेमोड केली तर स्वतःचा खर्च भागवू शकणाऱ्या कॉन्झर्व्हन्सी झपाट्यानं कमी होतात. पर्यटन बंद झालं असं धरलं तर घसरण तितकी मोठी नसते. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत, एक काढून दुसरं बसवता येत नाही. केनियानं १९७७ मध्ये शिकार बंद केली. नंतरच्या चार दशकांत तिथल्या माळरानांवरचे वन्य प्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. ही घट बंदीमुळे झाली असं मी म्हणणार नाही, लोकसंख्या, गुरं, हवामान अशी पुष्कळ कारणं आहेत. पण बंदीनं प्राणी वाचतात, हे गृहीत धरायलाही मग आधार उरत नाही.

शिकारीच्या बाजूचे लोक मात्र इथे थांबत नाहीत, ते सगळंच धुवून घेतात. तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही. टांझानियात जिथे सिंहांचे कोटे सर्वांत चढे होते तिथेच सिंह सर्वांत वेगानं घटले, हे सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर यांच्या संशोधनातून दिसलं, आणि सहा वर्षांखालचा नर मारू नये हा नियम त्यातून पुढे आला. २०१५ मध्ये झिंबाब्वेत ह्वांगेजवळ मारला गेलेला सेसिल ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पट्टा बांधलेला सिंह होता. नामिबियातही २०१९ मध्ये ‘फूरट्रेकर’ हा नावाजलेला वाळवंटी हत्ती उपद्रवी ठरवून शिकाऱ्याकडून मारवला गेला, आणि उपद्रवाचा शिक्का सोयीनं मारला जातो ही शंका रास्त ठरली. सरकार सांगतं की १९९५ च्या सुमाराला साडेसात हजार असलेले हत्ती आता चोवीस हजारांच्या आसपास आहेत. टीकाकार म्हणतात, त्यातले कितीतरी बोत्स्वानातून येणारे-जाणारे. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेला सिंह कुंपणात सोडून मारण्याचा धंदा तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. तिथे ना मूळ रान वाचतं, ना गावाला काही मिळतं.

उरतो नैतिक आक्षेप: श्रीमंत परदेशी माणसानं गरीब मुलुखात येऊन मोठ्या जनावराशेजारी फोटो काढावा, ही जुन्या साहेबी राज्याचीच री आहे. आहेच. पण कॅमेऱ्याच्या सफारीचा इतिहास तितका स्वच्छ नाही. नामिबियातल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानाच्या पाणवठ्यांवर आज ज्या जागी गाड्या उभ्या राहतात, तिथे राहणाऱ्या हाइओम सान लोकांना १९५४ मध्ये तिथून हुसकावण्यात आलं. महाराष्ट्राला हे अनोळखी वाटू नये. इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या फासेपारध्यांचं रानावरचं जगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बेकायदा ठरलं. त्यांच्या रानाच्या जाणकारीला मोलाचा दुसरा मार्ग मात्र फारसा कुणी काढून दिला नाही. त्सुमक्वेला माग काढणाऱ्या माणसाला निदान पगार आणि ठराव करण्याची जागा मिळाली आहे.

म्हणून लंडनमध्ये किंवा ब्रसेल्समध्ये होणाऱ्या बंदीकडे मी साशंकपणे पाहतो. हाउस ऑफ कॉमन्सनं मार्च २०२३ मध्ये ट्रॉफी आयातबंदीचं विधेयक मंजूर केलं, ते लॉर्ड्समध्ये अडकलं. बेल्जियमनं २०२४ मध्ये बंदी आणली. उद्या सगळीकडे अशी बंदी आली तर ओटजिवारोंगोच्या कुंपणांमागचा मालक मांस विकेल, जिवंत जनावरं विकेल, बिल्टाँगसाठी, म्हणजे सुकवलेल्या मांसासाठी, शिकार करणारे स्थानिक गिऱ्हाईक धरेल. जो थाट मला नकोसा वाटतो तो बहुधा टिकून राहील. त्सुमक्वेकडे मात्र विकायला देखावा नाही, आणि मांस विकायचं म्हटलं तर ते सरकारी कुंपण आड येतं.