आरशातला वैरी

एखाद्यावर संशय घ्यायचा असे मनाने एकदा ठरवले, की पुराव्याच्या शोधात फिरावे लागत नाही. तो आपल्या पायांनी चालत घरी येतो. हा धडा मला उतारवयात एका बोटभर माशाने दिला.

माझा भाचा शिक्षणासाठी फोंड्याला आमच्याकडे राहतो. मूळचा तो खानापूरकडचा, अतिशय मितभाषी. गेल्या चतुर्थीनंतर त्याने पणजीहून एक मासा आणला. आमच्या घरात मासा यायचा तो मागील दाराने, टोपलीतून. पुढच्या दाराने आलेला हा पहिलाच! "मासा पाळतात म्हणे!" असे म्हणून त्याच्या मामीने कपाळाला हात लावला. पण तो गर्द निळा रंग आणि पाण्यात सोडलेल्या रेशमी पदरासारखी ती शेपटी पाहून तीही विरघळली. दुकानदार त्याला 'फायटर' म्हणतात. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांच्या चिंधड्या उडवतात, म्हणून हा एकटाच आणलेला.

भाच्याने त्याची काचेची पेटी आपल्या अभ्यासाच्या मेजावर ठेवली होती. पण असे रत्न आतल्या खोलीत का दडवावे? बैठकीच्या खोलीत आमचे जुने शिसवी फडताळ आहे, त्याच्या पाठीला आरसा आहे. आल्यागेल्याला माशाचे रूप दुप्पट दिसावे म्हणून मी पेटी तिथे हलवली. भाचा काही बोलला नाही. पाणी बदलण्याचे काम मात्र त्याच्याकडेच राहिले.

पंधरा दिवसांनी एका सकाळी पाहतो, तो शेपटीचा एक तुकडा नाहीसा! आदल्याच दिवशी पाणी बदललेले होते. पेटीशेजारी लहानसे जाळे पडले होते. मला आणखी काय हवे होते? "जरा हळू हाताने काढायला काय झाले होते?" मी म्हणालो. तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला आणि "बरे, मामा" एवढेच बोलून उठला. त्या दिवसापासून त्याने पेटीला हात लावला नाही. जेवतानाही तो पानाकडे पाहूनच जेवू लागला.

पाणी आता मी बदलू लागलो. आणि आठ दिवसांनी शेपटीला दुसरी खिंडार पडली.

आता आरोपी कोण? कोणी म्हणाले, पर कुजण्याचा रोग असेल. दुकानातून औषध आणले. पाणी निळे झाले, गुण शून्य. मग मी पुस्तके उघडली. परांच्या या कुजीचे मूळ बहुधा घाण पाण्यात असते. विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया साचतो, मासा अशक्त होतो आणि जंतूंचे फावते. पण त्यात कडा काळपट किंवा लालसर होतात, फाटतात आणि पर दिवसेंदिवस झिजत जातो. आमच्या माशाच्या कडा स्वच्छ होत्या. मग पेटीतल्या प्लास्टिकच्या झाडावर संशय गेला. त्यावरून रेशमी रुमाल फिरवून पाहिला; धागे अडकले. 'सापडला चोर!' म्हणून झाड काढून टाकले. पण काट्यात अडकलेला पर उभा चिरतो. इथे तर अर्धचंद्राकार घास घेतल्यासारखी जागा रिकामी होती, आणि तीही एका रात्रीत. झाड गेल्यावरही तिसरा घास गेलाच.

खरे तर उत्तर त्याच्या नावातच होते. हा मासा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतला आणि उथळ पाणथळींतला. तिथे त्याला 'प्ला कत' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. शास्त्रज्ञ टेट रेगन यांनी 1910 साली त्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे शास्त्रीय नाव दिले. 2019 साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवले. पण रानातल्या मूळ माशाची शेपटी आखूड असते. हा लांबलचक पदर माणसाने हौसेखातर पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वाढवला. त्याचे ओझे सोसेना किंवा जीव त्रासला, की यांतले काही मासे आपलीच शेपटी तोडतात.

पण याला त्रास कसला? एका रात्री तीनच्या सुमारास जाग आली. देव्हाऱ्यातला बारीक दिवा रात्रभर जळतो. त्याचा उजेड थेट फडताळावर पडला होता. मासा आरशासमोर गालफडे फुगवून, सारे पर ताणून उभा होता. आरशातलाही उभा होता. खाचरात हरलेला मासा पळून जातो आणि तंटा मिटतो. आरशातला वैरी हरत नाही, पळत नाही, झोपतही नाही. बघता बघता मासा गर्रकन फिरला आणि त्याने स्वतःच्याच शेपटीचा लचका तोडला.

आल्यागेल्याने कौतुक करावे म्हणून मी त्याच्यापुढे वैरी उभा केला होता, आणि वर त्याच्या जखमांचा जाब भलत्यालाच विचारला होता. उरलेली रात्र मला झोप लागली नाही.

सकाळी पेटी उचलून भाच्याच्या मेजावर ठेवली, मागच्या काचेला जाड कागद लावला. पाणी सारे एकदम न उपसता आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचे, रात्री पेटीवर उजेड पडू द्यायचा नाही, एवढाच उपचार. काही दिवसांत तुटलेल्या कडेला काचेसारखा पारदर्शक पापुद्रा दिसू लागला. नवा पर तसाच येतो. रंग मागाहून भरतो.

माणसाचे मन इतक्या सहज भरून येते का, हे मला ठाऊक नव्हते. रविवारी मी भाच्याला सारे सांगितले. "चूक माझी होती," हे तीन शब्द भाच्यापुढे उच्चारायला मामाला किती जड जातात, ते त्या दिवशी कळले. मग जाळे पुढे करून म्हणालो, "आज पाणी तूच बदल."

त्याने जाळे हळूच बाजूला ठेवले. "जाळे नको, मामा. त्यात पर अडकतात. मी पहिल्यापासून वाटीनेच काढतो."

ते मी त्याला कधी विचारलेच नव्हते.