दोन २.४.१

परवा शनिवारी जुना लॅपटॉप विकायला काढला. देण्याआधी फायली चाळत होतो, त्यात टर्मिनलचा एक जुना लॉग सापडला. ३० ऑगस्ट २०१९, शुक्रवार, रात्री पावणेबारा. मीच टाइप केलेल्या तीन कमांड्स. वाचल्या आणि घरात कुणी नसतानाही कानकोंडा झालो.

म्हटलं, आज लिहूनच टाकावं. ज्यांचा कमांड लाइनशी संबंध नाही त्यांनी घाबरू नये, लागेल तेवढं सांगतो.

तर मंडळी, तेव्हा मी ज्या कंपनीत होतो तिथे आमची स्वतःची, खाजगी पॅकेज रिपॉझिटरी होती. रेपो म्हणजे काय, तर एक सर्व्हर, त्यावर आम्ही बनवलेली पॅकेजेस आणि त्यांची यादी. कंपनीची सव्वाशेएक मशिन्स होती, सगळी उबुंटूवर. रोज कधीतरी क्रॉन जागा व्हायचा आणि 'अ‍ॅप्ट-गेट अपडेट' चालायचं. याने फक्त ताजी यादी येते. मग 'अपग्रेड', म्हणजे यादीत आपल्यापेक्षा वरचं व्हर्जन दिसलं तर ते उतरवून घ्यायचं. सगळ्यांनी एकदम गर्दी करू नये म्हणून प्रत्येक मशीनची वेळ वेगळी ठेवलेली.

रेपोत पॅकेज घालायला रेप्रेप्रो नावाचं साधन वापरायचो. 'रेप्रेप्रो इन्क्लुडडेब' म्हटलं की ते पॅकेज जागेवर ठेवतं, यादीत त्याचा चेकसम लिहितं, यादीचा चेकसम 'रिलीज' नावाच्या फाइलमध्ये लिहितं आणि त्या फाइलवर जीपीजीची सही करतं. म्हणजे वरच्या एका सहीखाली खालचं सगळं बांधलेलं. मधे कुणी एक अक्षर जरी बदललं तरी साखळी तुटते आणि मशीन पॅकेज घ्यायला नकार देतं. आणि ती सहीची चावी होती माझ्याकडे. (या गोष्टीचा मला तेव्हा भलताच अभिमान होता.)

त्या शुक्रवारी संध्याकाळी सातला मी एक पॅकेज टाकलं. व्हर्जन २.४.१. शाखांमधल्या सर्व्हरवरची दिवसभराची बिलं पुण्याच्या मुख्य सर्व्हरकडे पाठवणारा छोटा प्रोग्रॅम होता तो. रात्री साडेअकराला सहज कोड बघत होतो, आणि पोटात गोळा आला. टाइमआउट ३० सेकंद हवा होता, माझ्या हातून ३ पडला होता. एक शून्य राहिलं. जिथे लाइन मंद, तिथून बिलं मधेच तुटणार. आणि तोवर निम्म्या मशिन्सनी २.४.१ घेऊन झालेलं.

योग्य काम काय होतं ते मला ठाऊक होतं. २.४.२ काढायचं. पण नवा नंबर म्हणजे नवी मंजुरी, नवी मेल, आणि सोमवारी मीटिंगमध्ये "अरे, लगेच २.४.२ कसं काय?" हा प्रश्न. दोनच महिन्यांपूर्वी लीड झालो होतो. म्हटलं, शून्यच तर घालायचंय. शून्य घातलं, पॅकेज पुन्हा बांधलं, नंबर तोच ठेवला, २.४.१.

पहिली कमांड, इन्क्लुडडेब. रेप्रेप्रोने साफ नकार दिला. या नावाची फाइल आधीच आहे आणि हिचा चेकसम वेगळा आहे, असलेली फाइल पुन्हा घ्यायची तर ती जशीच्या तशीच असली पाहिजे, अशा अर्थाचं काहीतरी. दुसरी कमांड, रिमूव्ह. जुनं पॅकेज यादीतून गेलं, आणि त्याला कुणी वाली उरला नाही म्हणून फाइलही गेली. तिसरी कमांड, पुन्हा इन्क्लुडडेब. आता आडकाठी करायला कुणी नव्हतं. नवी यादी, नवी सही. दोन मशिन्सवर जाऊन बघितलं, दोन्हीकडे ३० होतं. झोपलो.

आता झालं काय, तर जगात दोन २.४.१ झाली. ज्या मशिन्सनी संध्याकाळीच घेतलं होतं त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. अ‍ॅप्ट आधी नंबर बघतो. नंबर तोच, डिपेंडन्सी त्याच, यादीत लिहिलेला आकारही तोच, मग अपग्रेड करायचं कारणच काय? त्यांच्याकडे ३ चा ३ च राहिला. ज्यांची वेळ नंतर आली त्यांना ३० मिळाला. नागपूरला आणखी तिसरंच. तिथे इंटरनेट वाचवायला मधे एक कॅशिंग प्रॉक्सी होता. त्याने संध्याकाळीच जुनी फाइल जपून ठेवलेली. उरलेली मशिन्स नवी यादी घेऊन आली, प्रॉक्सीने हातात जुनी फाइल ठेवली, आणि यादीत लिहिलंय ते आणि हाती आलंय ते जुळेना. ती २.४.० वरच अडकली आणि एरर ओकत बसली.

शनिवार-रविवार सपोर्टला आमच्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा होता. कोल्हापूरचा. त्या ऑगस्टच्या पुरात त्याच्या घरात पाणी शिरलं होतं. सोमवारी, २ सप्टेंबरला गणपती. त्याआधी घराला चुना मारायचा म्हणून त्याने शनिवार संध्याकाळचं स्वारगेटहून एसटीचं रिझर्व्हेशन केलेलं. सकाळी सपोर्ट करतो, संध्याकाळी निघतो आणि उरलेलं तिथून लॅपटॉपवर बघतो, असं मला विचारून ठरवलं होतं.

सकाळपासून शाखांचे फोन. बिलं येत नाहीत. त्याने पहिली गोष्ट बरोबर केली, 'डीपीकेजी -एल' लावून व्हर्जन बघितलं. चालतंय तिथेही २.४.१, चालत नाही तिथेही २.४.१. म्हणजे पॅकेजचा दोष नाही. कुणीही हेच म्हणालं असतं. मग तो नेटवर्कच्या मागे लागला, मग प्रॉक्सीच्या, मग इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या. एसटी सोडली.

दुपारी मी घरी पुठ्ठ्याचं मखर कापत बसलो होतो. बाबा समोर. फोन आला.

"दादा, एक विचारू? २.४.१ टाकल्यानंतर त्यात काही बदललं होतंत का?"

मी म्हणालो, "नाही रे. एकदा टाकलं की टाकलं."

किती सहज म्हणालो! बाबांनी विचारलं, कुणाचा फोन? म्हटलं, ऑफिसचा, काही नाही. नंतर मखराची एक बाजू चक्क उलटी चिकटवली.

रविवारी रात्री आठला पुन्हा फोन. त्याने 'डीपीकेजी -व्ही'ने पॅकेजच्या फायली तपासल्या होत्या. दोन्हीकडे सगळं ठीक, कारण प्रत्येक मशीन आपापल्या पॅकेजशीच ताडून बघतं. शेवटी वैतागून त्याने दोन मशिन्सवरच्या त्या एका फाइलचे चेकसम काढून शेजारी शेजारी ठेवले होते.

"दादा," तो म्हणाला, "२.४.१ दोन आहेत."

बास. पुढे काहीच बोलला नाही. त्याला कळलं होतं, कारण चावी कुणाकडे असते ते सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "मीच केलंय. शुक्रवारी रात्री. काल तुझ्याशी खोटं बोललो." थोडा वेळ दोघंही गप्प. मग म्हटलं, "तू आत्ता निघ. इथलं मी बघतो." तो रात्रीच्या गाडीने गेला. बाप्पा बसायच्या आत पोचला, पण चुना त्याच्या वडिलांनी एकट्यानेच मारला होता.

मॅनेजरना फोन केला, होतं तसं सांगितलं, मंजुरी घेतली. २.४.२ बांधलं, इन्क्लुडडेब केलं. रेप्रेप्रोने कुरकुर केली नाही. नागपूरच्या प्रॉक्सीलाही नाव नवीन, त्यामुळे त्याने निमूट नवी फाइल आणली. सगळ्या मशिन्सवर अपडेट, अपग्रेड. पाऊण तासात संपलं. दोन दिवस एक माणूस जे शोधत होता ते पाऊण तासाचं काम होतं.

बाबा अजून जागे होते. त्यांना सगळं सांगितलं, कमांडसकट. ते पतपेढीत क्लार्क होते, किर्द-खतावणीत जन्म गेला. म्हणाले, "आमच्याकडे ब्लेडने आकडा खरवडायचा नाही असा नियम होता. चुकलं तर एका रेघेने छेदायचं, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला सही." आणि झोपायला गेले.

गंमत बघा, डेबियनच्या पॅकेजमध्ये हे सगळं आहेच. चेंजलॉगमधे प्रत्येक व्हर्जनखाली काय बदललं ते लिहायचं आणि शेवटच्या ओळीत नाव आणि तारीख. हीच ती बाजूची सही. वरची जीपीजीची सही वेगळी. ती एवढंच सांगते की हे माझ्याकडून आलंय. कालचंच आहे असं ती म्हणत नाही. माझ्या खोटेपणावरही ती तितकीच बिनबोभाट झाली होती.

सार्वजनिक रिपॉझिटऱ्यांना ही खोड पुरेपूर ठाऊक आहे. एनपीएमवर व्हर्जन काढून टाकलं तरी तोच नंबर पुन्हा वापरता येत नाही. पायपीआयवर डिलीट केलेल्या फाइलचं नावसुद्धा परत मिळत नाही. मेव्हन सेंट्रलवर एकदा गेलेलं गेलंच. खाजगी रेपोत मात्र आपणच परीक्षार्थी आणि आपणच परीक्षक. तिथे रिमूव्ह म्हटलं की कुणी विचारत नाही. म्हणून खरी परीक्षा तिथेच.

सोमवारी सुट्टी होती, मीटिंग मंगळवारी झाली. ज्या प्रश्नाला मी इतका घाबरलो होतो तो आला. "लगेच २.४.२ का?" सांगितलं. मॅनेजर म्हणाल्या, "बरं, पुढच्या वेळी नंबर वाढव," आणि पुढचा विषय. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या दोन मिनिटांसाठी मी दुसऱ्याचे दोन दिवस घालवले होते.

तो मुलगा परत आला तेव्हा माझ्या टेबलावर खव्याच्या मोदकांचा डबा ठेवून गेला. त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. असो.

ता. क. चाचणीसाठी पुन्हा पुन्हा पॅकेज टाकावं लागतं त्यांच्यासाठी: व्हर्जनमध्ये टिल्ड वापरा. २.४.२~१ हे डेबियनच्या हिशेबात २.४.२ च्या खालचं. त्यामुळे ~१, ~२, ~३ असं हवं तेवढं चुकता येतं, आणि खरं २.४.२ आलं की ते आपोआप सगळ्यांच्या वर बसतं. नंबर फुकट असतात हो, वापरा की! :)