दुकान मांडायचं ते कोणाच्या पगाराच्या तारखेवर?

दुकानांचे आराखडे करणाऱ्यांचं शिक्षण ठरावीक देशांवर होतं. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने ‘पिगली विगली’ काढलं आणि गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतःच माल उचलायची पद्धत रुळू लागली, हा आमचा पहिला धडा. मग युरोपातली सुपरमार्केटं, मग जपानची चोवीस तास उघडी असणारी दुकानं. फिलिपिन्सचं नाव निघालंच तर २००६ साली मनिलाजवळ उभ्या राहिलेल्या ‘मॉल ऑफ एशिया’पुरतं. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावात काम करताना मात्र मला उपयोगी पडतं ते फिलिपिन्समधलं गल्लीतलं ‘सारी-सारी’ दुकान.

हे दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीची जाळी लावलेली खिडकी. गिऱ्हाईक बाहेर उभं. जाळीच्या आतून शॅम्पू, कॉफी, साबणपूड यांच्या लडी लोंबत असतात. त्यामागे बिस्किटांच्या बरण्या, बाजूला अंडी, खाली तांदूळ. जाळीतल्या छोट्या झरोक्यातून पैसे आत जातात, वस्तू बाहेर येते. तेल इवल्याशा पिशवीत, लसूण सुटा, सिगारेट एकेक. शीतपेयसुद्धा पिशवीत ओतून नळी खोचून देतात, कारण काचेची बाटली दुकानाला परत करायची असते. चालवणारी बहुधा घरातली बाई. चुलीवर भात ठेवून हाक आली की खिडकीशी येते. जाळीमुळे गल्ला सांभाळला जातो आणि काय काय आहे ते रस्त्यावरूनच दिसतं. मांडणी आणि राखण एकाच वस्तूत झाली.

आता त्यामागचं गणित बघा. तिथलं पुष्कळसं गिऱ्हाईक रोजंदारीवर. पैसा संध्याकाळी हातात येतो आणि सकाळपर्यंत संपतो. म्हणून माल वजनावर मागितला जात नाही, पैशावर मागितला जातो. मोठं पाकीट किलोमागे स्वस्त पडतं हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं, पण एवढे पैसे एका वेळी जमत नाहीत. दुकानाची प्रत्येक फळी त्या संध्याकाळच्या मजुरीवर बेतलेली आहे.

‘दहाचं तेल द्या, वीसची साखर द्या’ हे अड्याळच्या किराणा दुकानातही ऐकू येतं. पण म्हणून मनिलाची जाळी उचलून इथे बसवावी, असं नाही. इथला पैसा वेगळ्या चालीने येतो. रोवणीच्या दिवसांत बायांच्या हातात मजुरी खेळते. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली माणसं गावात उतरतात. शेतकऱ्याचा मोठा पैसा मात्र धान कापून, मळून, आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर कट्टे मोजून चुकारे जमा झाल्यावरच. तोपर्यंत उधारी. आणि दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई सुरू होते. लेकी-जावई येतात, रात्री दंडार नाही तर नाटक, रस्त्यावर शिंगाड्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं. सोयरिकीच्या गोष्टीही तिथेच निघतात. हातात चुकारे आले असोत वा नसोत, मंडईला खर्च होतोच.

तालुक्याच्या गावांत हल्ली दुकानदार शहर बघून येतात आणि प्लायवूडची पक्की फर्निचरं ठोकतात, काचेचं दार लावतात, आत एकसारख्या फळ्या आणि दिवे. पहिल्याच आठवड्यात दिसतं की म्हाताऱ्या बाया चपला बाहेर काढतात, दार ढकलावं की ओढावं या विचारात थांबतात आणि शेजारच्या उघड्या दुकानाकडे वळतात. पण दारापेक्षाही महाग पडतात त्या ठोकलेल्या फळ्या. आषाढात जे पुढे हवं ते कार्तिकात मागे जायला हवं, आणि फर्निचर हलत नाही.

म्हणून अशा गावात मी दुकानाचे तीन भाग करतो. काउंटरलगत हाताच्या अंतरावर दहा-वीसचा माल, रस्त्यावरून दिसेल असा. हा भाग बारमाही. मधे बाजाराच्या दिवसाचा: डाळ, चहा, साबण, आठवड्याच्या बेताने. या फळ्यांना चाकं. तिसरा भाग चुकाऱ्यांच्या दिवसांत पुढे येतो: तेलाचे पिपे, भांडी, चादरी. रोवणीच्या काळात तोच मागे सरकतो आणि मोकळ्या जागेत रेनकोट, टॉर्च, बुटांचे जोड येतात. काउंटरसमोर एक बाकडं. उधारीचं बोलणं उभ्याने होत नाही.

फिलिपिन्सकडून एक गोष्ट मात्र घेऊ नये. तिथल्या पुड्यांच्या प्लॅस्टिकने नाल्या आणि समुद्रकिनारे भरलेत. आपल्याकडे १९८०च्या दशकात कडलूरच्या ‘चिक’ शॅम्पूच्या पुडीने खेडी काबीज केली, तेव्हापासून आपणही त्याच वाटेवर आहोत. सुटी डाळ-साखर कागदाच्या पुडीत देणारा किराणावाला थोड्या पैशात थोडा माल देतोच, कचरा न करता. त्याचा तराजू काउंटरवरून हलवू नये, हे मी प्रत्येक आराखड्यात लिहून देतो.

जागेची मापं मी नंतर घेतो. आधी दुकानदाराची उधारीची वही मागतो आणि वर्षभराचा भरणा कोणत्या महिन्यात किती झाला ते बघतो. तेवढं कळलं की फळ्या कुठे लावायच्या यावर फारसा वाद उरत नाही.