उजेड विकत मिळतो, अंधार नाही

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला वीज लागणारी कुठलीही वस्तू कळते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. इन्व्हर्टर, सीसीटीव्ही, झालंच तर वॉशिंग मशीनसुद्धा. या वीकांताला नंबर लागला प्रोजेक्टरचा.

माझा मामेभाऊ येलदरीला असतो. येलदरी म्हंजे परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. त्यांच्या गणेश मंडळाला प्रोजेक्टर घ्यायचाय. गणपतीत रात्री सिनेमा, एरवी क्रिकेट, मधल्या काळात पोरांना अभ्यासाचे व्हिडिओ. वर्गणी जमलीय साठ हजार.

"दादा, वीस हजार लुमेनचा बारा हजारात भेटायलाय. आन् कंपनीचा साडेतीन हजार लुमेनचा पन्नास हजाराला म्हणायलेत. पोरं म्हणायलीत बारावाला घेऊ, उरल्या पैशात साउंड. तुमी सांगा."

प्रश्न साधा नव्हता. ही वर्गणी पन्नास-शंभराच्या नोटांनी जमलेली, आणि ती मागत दारोदार हाच फिरलेला. चित्र फिकं पडलं तर पुढच्या वर्षी त्याला दारात कोण उभं करेल?

तर मंडळी, आधी हे लुमेन प्रकरण. लुमेन म्हणजे मोटारीतून येणारं एकूण पाणी. ते किती मोठ्या वाफ्यात सोडलं, त्यावर प्रत्येक रोपाला किती मिळालं ते ठरतं. प्रकाशाच्या बाबतीत या "रोपागणिक पाण्याला" लक्स म्हणतात: लुमेन भागिले पडद्याचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. पडद्याची रुंदी आणि उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट, म्हणजे उजेड पाव.

आता ते वीस हजार. लुमेन मोजायची एक ठरलेली पद्धत आहे, अमेरिकेच्या ॲन्सी संस्थेची, १९९२ सालची. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र टाकायचं, नऊ ठिकाणी उजेड मोजायचा, सरासरी काढायची. खोक्यावर "ॲन्सी" किंवा "आयएसओ" लिहिलेलं नसेल तर तो आकडा बहुधा आतल्या दिव्याचा असतो, भिंगातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचा नाही. स्वस्त यंत्रांत असे आकडे सर्रास दिसतात. बारा हजारवाला तिथेच बाद झाला.

पण खरी गंमत पुढे आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही! काळा म्हणजे "इथे उजेड टाकू नकोस", बस. त्यामुळे चित्रातला काळा हा पडद्यावर आधीच पडलेल्या उजेडाइतकाच काळा.

हिशोब करू. मंडळाचा पडदा बारा फूट रुंद, पावणेसात फूट उंच, म्हणजे साडेसात चौरस मीटर. ३,६०० लुमेन भागिले साडेसात म्हणजे ४८० लक्स. शेजारच्या हॅलोजनचा पडद्यावर ५० लक्स पडत असेल, तर पांढरा ५३० आणि काळा ५०, म्हणजे साधारण दहास एक. दुप्पट ताकदीचा, कितीतरी महाग प्रोजेक्टर आणला तर वीसास एक. आणि त्याऐवजी हॅलोजनचं तोंड फिरवून ५० चे ५ लक्स केले तर? ४८५ आणि ५. सत्त्याण्णवास एक! तेही फुकट.

दिवसाचं मात्र विसरा. सावलीतसुद्धा दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो, तिथे आपले ४८० कुठे दिसणार? १९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्डकप फायनल दुपारी दोनला सुरू झाली होती. भारताची बॅटिंग बरीचशी उन्हातच गेली. अशा मॅचला समाजमंदिरात मोठा टीव्हीच बरा.

जत्रेतल्या तंबू थेटरवाल्यांना हे सगळं सूत्राशिवाय कळत होतं. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ज्योत पेटवून ते सिनेमा दाखवायचे, खेळ अंधार पडल्यावर. तंबू फुकट्यांना अडवायला असतो असं वाटतं, पण तो जत्रेतला झगमगाटही अडवतो. (शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा २०१६ चा माहितीपट जरूर बघा.)

भावाला सांगितलं ते असं. पन्नासवाला घे, पण ॲन्सी बघून. दिवा वापराने मंदावतो, त्याचं आयुष्य उजेड निम्मा होईपर्यंतचं मोजतात. म्हणून जुना घेत असशील तर दिवा किती तास जळलाय ते विचार. लेझरचा साधारण वीस हजार तास टिकतो. विकत घेण्याआधी रंगीत चित्र लावून बघ. काही यंत्रांत पांढरा लख्ख आणि लाल मरगळलेला असतो. उरलेल्या दहा हजारात पडद्यामागे आणि दोन्ही बाजूंना जाड काळं कापड. साउंड यंदाही भाड्याने.

पोरं थोडी नाराज झाली म्हणे. साउंड मिरवता येतो, काळं कापड कसं मिरवणार? पण वर्गणी देणारा पडद्याकडे बघतो.

घरी घेणाऱ्यांचंही हेच. शंभर इंची पडदा पावणेतीन चौरस मीटरचा, त्याला हजार खरे लुमेनसुद्धा ३६० लक्स देतात. अंधाऱ्या खोलीत तेवढे भरपूर झाले. तेव्हा दुकानात जाण्याआधी रात्री आठ वाजता हॉलमधले दिवे घालवा आणि भिंतीकडे बघा. समोरच्या बिल्डिंगचा उजेड भिंतीवर दिसत असेल, तर पहिली खरेदी पडद्यांची. खिडकीच्या!