आढळपट्ट्याची रेघ

एखादी जात जगाच्या नकाशावर जेथे नेहमी सापडते, त्या भागाला जीवशास्त्रात तिचा आढळपट्टा म्हणतात. परंतु या व्याख्येत सापडवणारा कोण, त्याचे जाळे कोणते आणि तो कोणत्या महिन्यात किती खोल गेला होता हे गुपचूप गृहीत धरलेले असते, त्यामुळे मासा पट्ट्याबाहेर आला असे जाहीर होते तेव्हा त्याने रेघ ओलांडली की रेघच आधी भलतीकडे ओढली गेली होती, हे उलगडत नाही.

२०१३ च्या गणेशोत्सवात दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीच्या उथळ पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांना पाखटांनी काटे मारले. पाखट हा शार्कच्या गोतातला, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला चपटा मासा असून तो वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि वर पाय पडला की शेपटीवरचा दातेरी, विषारी काटा उगारतो. मुंबईच्या किनाऱ्याला तो परका नाही. तरीही ज्यांच्या घोट्यात काटा रुतला त्यांच्या लेखी तो आगंतुकच ठरला असणार.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ही म्हण अशा वेळी हटकून आठवते, पण जरा ताणून पाहिली की ती शिवणीत उसवू लागते. ज्याला माणूस जाळ्यात धरतो, सुकवतो, पाटीत मांडून विकतो, त्याच्या वैराची धास्ती बाळगण्याचे कारण काय? कदाचित म्हणीतला मासा एकटा नसून पाण्यातला सारा गोतावळा असेल, म्हणजे मासा घरमालक आणि माणूस भाडेकरू. पण मग भाडेकरूने निदान राहायला तरी हवे, आणि गिरगावातला भाविक आरती आटोपून, मूर्ती सोडून माघारी फिरणार होता. त्याच्या मनात वैर नव्हतेच, उलट हात जोडलेले होते. ज्या शहराने बॅकबेचा समुद्र भराव टाकून मागे रेटला आणि त्यावर मरीन ड्राइव्ह बांधला, ते शहर मात्र पाण्यात राहते असे म्हणता येईल, आणि तसे म्हटले तर आढळपट्ट्याबाहेर कोण गेले, हा प्रश्न माशापुरता उरत नाही. अर्थात, म्हणीकडून इतके काम करून घेणे हा तिच्यावर अन्यायच आहे.

तारलीची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे. मालवणात पेडवा म्हणून ओळखला जाणारा हा तेलकट, चंदेरी मासा १९८५ पूर्वी जवळजवळ सगळा ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांमध्ये, म्हणजे ढोबळमानाने केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला मिळत असे. पुढच्या दोन दशकांत १४ अंशांच्या वरही तो नेमाने सापडू लागला, आणि मुंबई तर १९ अंशांजवळ आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याचा संबंध तापत्या समुद्राशी जोडला. हे पटण्याजोगे आहे, मात्र त्याच काळात थव्याला वेढा घालून तळाशी आवळले जाणारे पर्ससीन जाळेही पश्चिम किनाऱ्यावर पसरत होते, तेव्हा मासा किती सरकला आणि जाळे किती सरकले, याची वाटणी अवघड होते. त्यात २०१२ नंतर केरळातली तारली झपाट्याने घटली. त्यामुळे उत्तरेला दिसलेल्या थव्यांना पाहुणे म्हणावे, स्थलांतरित म्हणावे की मूळ घर ओस पडल्यावर उरलेले वारस म्हणावे, याचा निकाल नुसत्या अक्षांशांवरून लागत नाही.

बोंबलाने तर व्याख्याच अडचणीत आणली आहे. डोल जाळ्यात, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, तो महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्याला भरघोस मिळतो, दक्षिणेकडे जवळजवळ दिसेनासा होतो आणि थेट ओडिशा-बंगालच्या बाजूला पुन्हा विपुल होतो. मधल्या लांबलचक किनाऱ्यावर एखादा बोंबील सापडला तर त्याला वाट चुकलेला म्हणायचे, की दोन्हीकडच्या बोंबलांमधला दुवा म्हणायचे? आणि या दोन तुकड्यांपैकी मूळचा कोणता, हा प्रश्न लालबाग-परळच्या एखाद्या घरात, रव्यात घोळवलेले बोंबील तव्यावर पडत असताना कोणी काढला, तर बंगालच्या बाजूने बोलणारा तेथे मिळणे कठीण.