पाटी पुसलेल्या ग्रिलचे वय

जुन्या गॅस ग्रिलचे वय ठरवताना आधी त्याचे मूळ भाग आणि मागाहून बसवलेले भाग वेगळे करावे लागतात. अमेरिकेत हा ग्रिल बाराही महिने घराबाहेर उभा असतो. ऊन, बर्फ, चरबी आणि गंज यांनी बर्नर, जाळी, रबरी नळी, रेग्युलेटर आणि ठिणगीचे बटण एकेक करून निकामी होतात व बदलले जातात. टिकतात ते ओतीव अ‍ॅल्युमिनियमची पेटी, तिचे झाकण, सांगाडा आणि त्यावर चिकटवलेली माहितीची पट्टी. वयाचा भरवशाचा पुरावा या टिकणाऱ्या भागांवरच शोधावा. तोही बहुधा एकतर्फी असतो: ‘या सालाच्या आधीचा नाही’ किंवा ‘या सालानंतरचा नाही’, एवढेच तो सांगतो.

प्रस्तुत लेखकाने शिकागोजवळच्या एका उपनगरातील गराज सेलमध्ये असा ग्रिल विकत घेतला. झाकणावरचे कंपनीचे नाव उन्हाने गेले होते आणि अनुक्रमांक गंजाने खाल्ला होता. अनुक्रमांक शाबूत असता तर प्रश्न एका फोनवर सुटला असता, कारण बहुतेक कंपन्या त्यावरून उत्पादनाचे साल सांगतात. विकणाऱ्या गृहस्थांच्या मते तो त्यांच्या वडिलांनी ‘ऐंशीच्या दशकात कधीतरी’ घेतला होता. घरच्यांची आठवण हा या कामातला सर्वांत कच्चा पुरावा. वस्तू आवडती असली की दरवर्षी ती आणखी जुनी होत जाते.

घरगुती गॅस ग्रिलचा इतिहास तसा लांब नाही. १९६० च्या सुमारास वॉल्टर कोझिओल यांच्या मॉडर्न होम प्रॉडक्ट्स या कंपनीने घरगुती गॅस ग्रिल बाजारात आणला. पुढे आर्कान्सा लुइझियाना गॅस कंपनीतल्या लोकांनी बाटलीबंद गॅसवर चालणारा ग्रिल तयार केला. त्यामुळे नळाचा गॅस नसलेल्या घरांतही ही वस्तू पोहोचली. जमिनीत पुरलेल्या खांबावरचा, नळाच्या गॅसला जोडलेला ग्रिल दिसला तर तो सहसा जुन्या पद्धतीचा समजावा. बर्नरवर लाव्हा दगड पसरण्याची रीत नंतर सर्वत्र रुळली. १९८५ मध्ये वेबर कंपनीच्या जेनेसिस ग्रिलने दगडांऐवजी उलट्या ‘व्ही’ आकाराच्या धातूच्या पट्ट्या आणल्या. परंतु स्वस्त ग्रिलमध्ये दगड पुढेही चालू राहिले. म्हणून दगडांवरून साल काढता येत नाही. या ग्रिलमध्येही दगडच होते. ते चरबी शोषतात आणि मांस भाजताना भडका उडतो. भरताची वांगी आणि मक्याची कणसे भाजणाऱ्या घराला तो जाच कमी.

खरी माहिती पेटीमागच्या पट्टीवर होती. ती काजळीखाली झाकली गेली होती म्हणूनच उन्हापासून वाचली. ती घासू नये. कोमट पाणी आणि मऊ फडके पुरते. अशा पट्टीवर सर्वांत आधी पेटंट क्रमांक पाहावेत. अमेरिकेतील पेटंट क्रमांक ओळीने वाढत जातात. चाळीस लाखावे पेटंट डिसेंबर १९७६ मध्ये दिले गेले, पन्नास लाखावे मार्च १९९१ मध्ये. पट्टीवर तीन-चार क्रमांक असतील तर त्यांतला सर्वांत मोठा महत्त्वाचा, कारण जुने पेटंट नव्या मालावरही छापले जाते. या पट्टीवरचा मोठा क्रमांक एक्कावन्न लाखांच्या थोडा पुढचा होता, म्हणजे १९९२ मध्ये दिलेला. ऐंशीचे दशक तिथेच बाद झाले.

पत्ता आणि फोन क्रमांकही वाचण्याजोगे असतात. पाच आकडी पिन, ज्याला अमेरिकेत झिप म्हणतात, १९६३ मध्ये आला आणि त्याला जोडलेले जादा चार आकडे १९८३ मध्ये. ८८८ ने सुरू होणारे मोफत फोन क्रमांक १९९६ पासूनचे. या पट्टीवर फोन ८०० चा होता आणि संकेतस्थळ नव्हते. यावरून फार तर अंदाज बांधता येतो. प्रमाणनाचा शिक्का त्याहून बोलका. त्यावर अमेरिकन गॅस असोसिएशनचे चिन्ह होते, आणि गॅस उपकरणांचे हे प्रमाणन १९९७ मध्ये कॅनडाच्या सीएसए संस्थेकडे गेले. म्हणजे ग्रिल त्याच्या फार नंतरचा नसावा.

आता वरची मर्यादा आणखी खाली आणायची तर सिलिंडरची जोडणी पाहावी. जुन्या जोडणीत पितळी तोंडाला उलटे आटे असत. घट्ट करायला ते डावीकडे फिरवावे लागे. १ ऑक्टोबर १९९५ पासून बनलेल्या ग्रिलना नवे सुरक्षा-मानक लागू झाले आणि हाताने उजवीकडे आवळायचा मोठा प्लास्टिकचा नट आला. या ग्रिलच्या नळीला तो काळा नट होता. मात्र नळी चकचकीत आणि सांगाडा गंजलेला, म्हणजे ती उघडच बदललेली. निकाल लागला तो सांगाड्यावरच्या इशाऱ्याच्या कागदाने. त्यावर जोडणी घट्ट करण्यासाठी डावीकडे फिरवण्याची सूचना होती. कारखान्यातून निघताना ग्रिलला जुनीच जोडणी होती हे त्यातून कळते. अशा रीतीने तो १९९२ ते १९९५ या काळातला ठरतो. याहून नेमके साल त्याच्या अंगावरून निघत नाही.

सिलिंडरवरचे साल ग्रिलला लावू नये, कारण सिलिंडर दुकानात बदलून मिळतो. भारतीय वाचकाची इथे गफलत होऊ शकते. आपल्या घरगुती सिलिंडरवर ए ते डी यांपैकी एक अक्षर आणि साल असते, ते पुढच्या तपासणीचे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च. अमेरिकन सिलिंडरच्या कड्यावर मात्र बनवल्याचा महिना आणि साल ठोकलेले असते. तिथल्या वीस पौंडी सिलिंडरच्या झडपेला तिकोनी चाक असेल तर त्यात जादा भरणा रोखणारी व्यवस्था असते. ती नसलेला या आकाराचा सिलिंडर १ एप्रिल २००२ पासून पुन्हा भरून देत नाहीत.

वयाचा उपयोग किमतीपेक्षा सुरक्षिततेसाठी जास्त. १९९५ पूर्वीच्या ग्रिलला मूळची उलट्या आट्यांची नळी अजून असेल तर ती रेग्युलेटरसह काढून नवी बसवावी. नवा नट नीट बसल्याशिवाय गॅस सोडत नाही आणि आगीच्या उष्णतेने मऊ पडून पुरवठा तोडतो. बर्नरच्या नळ्यांत कोळ्याची जाळी असतात, ती तारेच्या ब्रशने काढावीत. सिलिंडर जोडल्यावर सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गॅस बंद करावा, आणि पेटवताना झाकण नेहमी उघडे ठेवावे.